रॅक तीन

गेल्या खेपेला सांगलीला गेलो होतो तेव्हा आत्याने जेवताना विचारलं, "अरे, तू तिकडे नक्की करतोस तरी काय?" हा प्रश्न दर खेपेला येतो. पूर्वी मी संशोधन, समांतर गणन वगैरे शब्द वापरून बघितले होते, पण त्याने आत्याचा चेहरा अजूनच काळजीत पडायचा. म्हणून या वेळी सरळ सांगून टाकलं, "आत्या, मी कॉम्प्युटर चालू-बंद करतो."

"मग त्याला पीएचडी कशाला लागते रे? आमच्या सोसायटीत पंपाचं बटण दाबायला बंडू आहे, तो दहावी नापास आहे."

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगायचं तर आत्याची तुलना अगदीच चुकीची नव्हती. फरक एवढाच की बंडू पंपाशेजारी उभा राहून बटण दाबतो, आणि मी ज्या मशिनांचं बटण दाबतो ती मला दिसत नाहीत. आणि एका वेळी एक नाही, बत्तीस, चौसष्ट, कधी सगळीच्या सगळी. बंडूच्या आणि माझ्या कामातला हा फरक किती मोठा आहे ते मला २०१९ च्या जानेवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी कळलं. आज तेच लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना ही माहिती आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडून जावं.)

एकच प्रचंड महागडा महासंगणक घेण्यापेक्षा साधे, बाजारात मिळणारे पुष्कळ संगणक तारांनी जोडून त्यांच्याकडून एकच काम करून घ्यावं, ही कल्पना आता फार जुनी झाली. १९९४ साली नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे सोळा संगणक जोडून असा एक कळप तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं बेवुल्फ. आज जगातले बहुतेक महासंगणक याच वंशातले आहेत. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने २०२० साली उभा केलेला परम सिद्धी-एआय हाही अशाच अनेक मशिनांचा समूह. आमच्या विद्यापीठातला त्या मानाने किरकोळ, पण तरी कपाटासारख्या उंच लोखंडी रॅक्समध्ये एकावर एक रचलेली काही शे मशिनं.

आता एवढ्या मशिनांपैकी प्रत्येकासमोर बसून तेच ते टंकत राहिलं तर माणूस निवृत्त व्हायचा. म्हणून काळ्या खिडकीत एकदाच आज्ञा लिहायची आणि ती सगळ्यांना एकदम पाठवायची. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेलं पीडीएसएच नावाचं एक अवजार यासाठी वर्षानुवर्षं वापरलं जातं. 'नोड[०१-६४]' एवढं लिहिलं की चौसष्ट मशिनांना हाक जाते. एका वेळी बत्तिसांशी बोलायचं, एकाचं झालं की पुढच्याला घ्यायचं, हा त्याचा मूळ हिशेब. त्याचा एक जोडीदार प्रोग्रॅम सारखी उत्तरं एकत्र बांधून दाखवतो, म्हणजे त्रेसष्ट जण 'ठीक' म्हणाले आणि एकच वेगळं बोलला तर तो चटकन सापडतो. शाळेतल्या हजेरीसारखंच. आणि दर वेळी आकडे लिहायचा कंटाळा येतो म्हणून गटांना नावं देता येतात. कोणतं मशीन कोणत्या गटात, ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. त्या प्रयोगशाळेने या फाइलच्या व्यवस्थेला 'जेंडर्स' असं नाव दिलं आहे. (हे मात्र आत्याला सांगायची सोय नाही.)

पण हे झालं चालू असलेल्या मशीनशी बोलणं. बंद पडलेल्याशी कसं बोलणार? त्यासाठी प्रत्येक सर्व्हरच्या पोटात अजून एक चिमुकला संगणक असतो. त्याला म्हणतात बीएमसी. मुंबईकरांनी दचकू नये, याचा महापालिकेशी संबंध नाही, हा बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. मुख्य मशीन बंद असलं तरी भिंतीतून वीज येत असेपर्यंत हा जागा. त्याच्याशी बोलायची भाषा आयपीएमआय, १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून ठरवलेली. आता रेडफिश नावाची नवी पद्धत आली आहे, २०१५ पासून, पण जुनी अजून गेलेली नाही. बीएमसीला विचारलं की तो तापमान सांगतो, पंख्यांचा वेग सांगतो, आणि सांगितलं की मशीन चालू किंवा बंद करतो. बंद करायचे दोन प्रकार. एक सौम्य, म्हणजे आतल्या प्रणालीला 'बाबा रे, आवरतं घे' असा निरोप देणारा. दुसरा म्हणजे सरळ गळा दाबणारा. विचारणार नाही, थांबणार नाही.

तर तो शुक्रवार.

सोमवारी सकाळी विजेचं काम करणारी माणसं येणार होती आणि रॅक तीनचा पुरवठा बंद ठेवायचा होता. त्या रॅकवर ठेवलेली मशिनं त्याआधी रिकामी करून बंद करणं हे माझं काम. मी आठवडाभर आधीच तयारी केली होती. आमच्याकडे कामांची वाटणी स्लर्म नावाचा कारभारी करतो. कोणाचा प्रोग्रॅम कोणत्या मशिनांवर, किती वेळ, हे तो ठरवतो. त्याला सांगता येतं की अमुक मशिनांवर नवीन काम देऊ नकोस, चालू आहेत ती संपू देत. मी रॅकचा आराखडा समोर घेऊन स्लर्मला चोवीस मशिनांचे आकडे दिले. शुक्रवारी दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस मोकळी झाली. मी खूष.

संध्याकाळी सहा वाजता, घरी जायच्या आधी, मी बंद करायची आज्ञा लिहिली. आकडे पुन्हा कोण लिहीत बसणार? गटाचं नाव होतंच, 'रॅक३'. मशिनं तर रिकामीच आहेत, मग सौम्य प्रकारात प्रत्येकासाठी दोन-दोन मिनिटं कशाला थांबा, म्हणून दुसरा प्रकार. एंटर. पडद्यावर 'बंद, बंद, बंद' अशा ओळी सरकत गेल्या. बत्तीस ओळी.

बत्तीस. चोवीस नाही. त्या ओळी मी डोळ्यांनी पाहिल्या, आणि एका दमात सगळ्या आल्या म्हणून मला बरं वाटलं. मी जॅकेट चढवून निघून गेलो.

झालं होतं असं की आदल्या नोव्हेंबरात रॅक तीनच्या पॉवर स्ट्रिपवर भार जास्त होत होता, म्हणून खालची आठ मशिनं काढून रॅक पाचमध्ये बसवली होती. ती हलवली आमच्या मशीन रूमच्या म्हातारबुवांनी. (हे माझं खाजगी नाव, साठीचे, कमी बोलणारे, मूळचे वायरमन असलेले गृहस्थ.) त्यांनी आराखडा बदलला, प्रत्येक मशीनच्या कपाळावर पांढरी टेप लावून काळ्या मार्करने नवी जागा लिहिली, आणि मला येऊन सांगितलं. गटांची फाइल बदलायचं काम माझं होतं. मी 'हो, करतो' म्हणालो होतो. ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण तेव्हा मी कॉफी ओतत होतो आणि मागे वळूनही बघितलं नव्हतं. मशिनं हलली तरी त्यांची नावं तीच, बीएमसीचे पत्तेही तेच. त्यामुळे काही अडलं नाही, कुठे लाल दिवा लागला नाही. दोन महिने ती फाइल खोटं बोलत होती आणि तिला कोणी काही विचारलंच नाही.

त्या आठ मशिनांवर एका विद्यार्थिनीचं गणित चाललं होतं. एका प्रथिनाच्या रेणूची घडी कशी उलगडते त्याचं सिम्युलेशन. खास परवानगी काढून घेतलेलं लांबलचक काम, त्या दिवशी एकोणिसावा दिवस. असे प्रोग्रॅम मधून मधून आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात, म्हणजे मध्येच काही झालं तर तिथून पुढे सुरू करता येतं. मग नुकसान किती व्हावं? काही तासांचं.

इथे गोष्ट अजून वाईट होते. ती आधी दर सहा तासांनी अशी नोंद करत असे, दोन-तीन जुन्या प्रती ठेवून. डिसेंबरात आमची सामायिक डिस्क भरत आली होती आणि सगळ्यांच्या लिहिण्याने धापा टाकत होती. तेव्हा मोठी कामं असणाऱ्यांना एक ईमेल गेलं होतं: कृपया आठवड्यातून एकदाच नोंद करा, एकच प्रत ठेवा, आणि जमल्यास गर्दी नसताना. ते ईमेल मी लिहिलं होतं. तिने ते शब्दशः पाळलं. आठवड्यातून एकदा. जुन्या फाइलवरच नवी. आणि गर्दी नसताना म्हणजे कधी? शुक्रवारी संध्याकाळी, लोक घरी गेल्यावर. मीही मशिनं बंद करायला शुक्रवार संध्याकाळ निवडली होती ती त्याच कारणासाठी. म्हणजे हा योगायोगही नव्हता. फाइल अर्धी लिहून झाली असताना वीज गेली. नवी अपुरी, जुनी पुसलेली. एकोणीस दिवस साफ.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला आणि मी तासाभरात ऑफिसात पोचलो. बाहेर उणे पंधरा वगैरे असेल. ती माझ्या आधी येऊन बसली होती. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी सगळं समजावून सांगितलं: रॅक, नोव्हेंबर, फाइल. शेवटी म्हणालो, "म्हणजे आज्ञा बरोबर होती, पण यादी चुकीची होती."

तिने विचारलं, "यादी कोणाची होती?"

"माझी."

"बरं," ती म्हणाली. आणि मग पुन्हा सुरुवात करायला किती मशिनं कधी मिळतील ते विचारायला लागली.

मी माझ्या वरिष्ठांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. तिच्यासाठी दुप्पट मशिनं राखून ठेवली, पण असल्या गणितात मशिनं दुप्पट केली म्हणून वेळ निम्मा होत नाही; आपसात निरोप देण्यातच बराच वेळ जातो. शिवाय त्या निकालावर पुढची दोन कामं अवलंबून होती. एप्रिलमध्ये ठरलेली तिची पीएचडीची तोंडी परीक्षा ऑगस्टवर गेली. दुसऱ्या शहरात नोकरी ठरली होती, त्यांनी थांबायचं कबूल केलं म्हणून निभावलं. तिच्या प्रबंधाची प्रत मी पुढे ग्रंथालयाच्या संग्रहात उघडून बघितली. ऋणनिर्देशात रिवाजाप्रमाणे संगणक केंद्राचेही आभार मानलेले होते. मी लगेच फाइल बंद केली.

रविवारी घरी नेहमीचा फोन. माझ्या आवाजावरून बाबांनी ओळखलं असावं. बाबा एमएसईबीत होते, सबस्टेशनवर ऑपरेटर, म्हणजे आयुष्यभर तेही घाऊक चालू-बंदच करत आले. एक फीडर पाडला की पाच-सात गावं अंधारात. मी झालेलं सांगितलं, जमेल तेवढं मराठीत.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का?"

"नाही बाबा. कॉम्प्युटर आहेत नुसते."

"मग ठीक आहे. आता सांग, परमिट कुणी घेतलं होतं?"

परमिट म्हणजे काय ते लहानपणी सबस्टेशनच्या खोलीत बसून मी शंभरदा ऐकलं होतं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. लाइनमनला तारेवर काम करायचं असलं की तो फोन करून फीडरचं नाव सांगणार. बाबा ते नाव परत म्हणून दाखवणार. तो 'बरोबर' म्हणणार. मग रजिस्टरात नाव, वेळ, फीडर. मग ब्रेकर पाडायचा, हँडलला 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी लटकवायची, आणि परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत केल्याशिवाय कलेक्टर आला तरी चालू करायचं नाही.

"आणि एवढं झाल्यावरही," बाबा म्हणाले, "खांबावर चढलेला माणूस आमच्यावर विश्वास ठेवत नाही. तारेला हात लावायच्या आधी रॉडने स्वतः अर्थिंग करतो. मी फोनवर बंद आहे म्हणालो म्हणजे मी पाडलेला फीडर आणि त्याच्यासमोरची तार एकच असते का? मध्ये कुणी जंपर बदलला असेल, नकाशा जुना असेल. अरे, कागदावर जे असतं ते कधीतरी खरं होतं, एवढंच."

मी विचारलं, "तुमच्याकडून कधी चुकलं का?" थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा. तो वाचला," आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला. त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही.

त्या रात्री मी बीएमसीच्या आज्ञांची माहिती नव्याने वाचायला घेतली आणि तिथे एक आज्ञा सापडली जी मला ठाऊक होती पण मी कधी मनावर घेतली नव्हती. 'आयडेंटिफाय'. ही दिली की मशीन दुसरं काही करत नाही, फक्त पुढच्या पट्टीवरचा एक छोटा दिवा, बहुतेक ठिकाणी निळा, लुकलुकायला लागतो. वेळ सांगितला नाही तर पंधरा सेकंद. जास्तीत जास्त २५५ सेकंद सांगता येतात. बिघडलेलं मशीन शंभरातून शोधायला सोपं जावं म्हणून केलेली सोय. म्हणजे अर्थिंगचा रॉड माझ्याकडेही होता, मी तो वापरत नव्हतो.

सोमवारी पहाटे मी 'रॅक३' या जुन्या गटाला, फाइल न सुधारता, मुद्दाम ती आज्ञा दिली आणि मशीन रूममध्ये गेलो. पंख्यांच्या घोंघाटात म्हातारबुवा आधीच उभे होते. रॅक तीनमध्ये चोवीस निळे दिवे लुकलुकत होते, आणि खोलीच्या पलीकडे रॅक पाचमध्ये, खाली, आठ. म्हातारबुवा काही बोलले नाहीत. जवळ जाऊन त्यांनी आपल्या टेपवरचं एक लेबल अंगठ्याने नीट दाबून बसवलं.

तेव्हापासून माझ्या काही सवयी बदलल्या. गटाचं नाव देऊन विध्वंसक आज्ञा मी देत नाही. आधी त्याच नावाला नुसतं 'चालू आहेस का?' विचारतो, आलेली उत्तरं मोजतो, तो आकडा कागदावर लिहितो आणि स्लर्मच्या आकड्याशी ताडून बघतो. स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती दोन याद्यांत एकाचाही फरक दिसला तर पुढे जायला नकार देते. एका तरुण सहकाऱ्याला हे फार वेळखाऊ वाटतं. त्याचं म्हणणं असं की यादी माणसाने लिहूच नये, मशिनांनीच आपण कुठे आहोत ते सांगावं. तत्त्वतः मला ते पटतं. पण मशीनला फक्त आपलं नाव माहीत असतं. आपण कोणत्या लोखंडी कपाटात, कोणत्या प्लगवर बसलो आहोत हे त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. तो कोणीतरी म्हणजे शेवटी मार्कर घेतलेला माणूसच. बरेच दिवस आमचा हा वाद चालू आहे.

चालू करण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं धोका फक्त बंद करण्यात. बत्तीस मशिनं एका क्षणी चालू केली तर प्रत्येकाचा पॉवर सप्लाय सुरुवातीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो आणि ब्रेकर पडू शकतो. म्हणून थांबत थांबत, थोडी थोडी चालू करायची. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "शेतीपंपाचे ऑटो स्विच!" लोडशेडिंग संपून लाइन आली की शिवारातले सगळे पंप एका दमात सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मर मरतो. त्यांना ही गोष्ट मला समजावी लागली नाही, आणि मला त्यांना. फोनवर आम्ही दोघं इतके खूष मी फार वर्षांनी पाहिलं.

म्हातारबुवा २०२१ मध्ये निवृत्त झाले. टेपचं एक रीळ आणि मार्कर माझ्या टेबलावर ठेवून गेले. मध्यंतरी आमच्याकडे ग्राफिक्स प्रोसेसरवाली नवी मशिनं आली, एकेकात आठ-आठ कार्डं. यांचे गट करायला एनव्हिडियाचं वेगळं अवजार आहे आणि तिथे नवीन खोड. कार्डांना शून्य ते सात असे क्रमांक दिसतात, पण मशीन पुन्हा चालू केल्यावर ते क्रमांक तसेच राहतील याची हमी नाही. पक्कं काही हवं असेल तर प्रत्येक कार्डाचा लांबलचक कायमचा ओळख क्रमांक वापरावा लागतो. गटाच्या याद्या मी तोच वापरून केल्या. हाताने टंकण्यासारखा नाही तो, पण असो.

गेल्या महिन्यात त्यातली पंधरा मशिनं नवीन फर्मवेअरसाठी बंद करायची होती. स्लर्म म्हणत होता पंधरा रिकामी. बीएमसी पंधराजणांनी हजेरी दिली. मी सगळ्यांना निळा दिवा लावायची आज्ञा दिली, २५५ सेकंद, आणि यादीचा कागद घेऊन खाली गेलो. चौदा दिवे. पुन्हा मोजले, चौदा. वर येऊन आज्ञा पुन्हा दिली, या वेळी न थांबणारी, आणि शोधत निघालो. तर पंधरावं मशीन पलीकडच्या चाचणीच्या खोलीत एका टेबलावर होतं. झाकण उघडं, आणि एक पोरगेलासा विद्यार्थी त्याला पडदा आणि कीबोर्ड जोडून बसलेला. स्लर्मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण तो स्लर्मच्या वाटेने आलाच नव्हता.

"हा दिवा मघापासून का लुकलुकतोय हो?" त्याने विचारलं.

मी कागदावर त्या मशीनसमोर फुली मारली आणि त्याला अजून किती वेळ लागेल ते विचारलं.